परवानगीशिवाय नागपूरला

"यांना दमा नाही. यांच्या हृदयाची झडप आखडली आहे." डॉक्टरांनी नळी कानातून काढून गळ्यात टाकली आणि माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही शिकलेले दिसता. दम्याच्या गोळ्या कधीपासून चालू आहेत?"

"उन्हाळ्यापासून," मी म्हटलं.

नागपूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यातला तो बायकांचा वॉर्ड. माझी बायको प्रमिला खाटेवर पाठीला उशा लावून बसली होती. आडवं झालं की तिचा जीव गुदमरायचा, म्हणून ती झोपायचीसुद्धा बसूनच. डॉक्टरांचं बोलणं तिने ऐकलं आणि मला हळूच विचारलं, "म्हणजे दमा नाही न? मग बरं झालं." तिला वाटलं, मोठा रोग टळला.

डॉक्टरांनी केसपेपरच्या मागे चित्र काढून मला समजावलं. त्या आजाराचं नाव मायट्रल स्टेनोसिस. हृदयाच्या डाव्या बाजूला वरच्या खोलीतून खालच्या खोलीत रक्त जायला एक झडप असते. निरोगी माणसाची झडप दोन बोटं आत जातील एवढी उघडते. प्रमिलाच्या झडपेत करंगळीही गेली नसती. पुढे जायला वाट नाही म्हणून रक्त मागे तुंबतं, फुफ्फुसात पाणी साचतं, माणूस धापा टाकतो, खोकतो, आणि गावातले लोक म्हणतात दमा आहे.

"हे आजचं नाही," डॉक्टर म्हणाले. "लहानपणी घसा धरून ताप आला होता का? मग गुडघे, घोटे सुजले होते का?"

प्रमिलाचं माहेर मोहगावचं. तिच्या आईला विचारलं तर त्या माउलीला सगळं आठवलं. पोरगी आठ-नऊ वर्षांची असताना आधी गुडघा सुजला, तो उतरला तर घोटा सुजला, मग मनगट. तेल चोळलं, वाढीच्या वयात दुखतंच असं म्हटलं, आणि दुखणं गेलं. सांध्यांतून ते गेलं, पण हृदयात मुक्काम करून बसलं. याला रूमॅटिक फीव्हर म्हणतात. हे मी लिहून राहिलो ते आधी यासाठीच. तुमच्या घरच्या लेकराचे सांधे एकामागून एक सुजत असतील आणि संग ताप असेल, तर तेलाची बाटली बाजूला ठेवा आणि डॉक्टरकडे न्या. पेनिसिलिनची सुई तेव्हाच लागली तर पुढचं पुष्कळ टळते.

आता माझ्याबद्दल. आमचं घर पांढुर्ण्याचं, बौद्ध. बाबा संत्र्याच्या बगिच्यात तोडणीला जायचे, माय त्यांच्या संग. मी बी.ए. केलं, आमच्या सगळ्या घराण्यात पहिला, आणि सौंसरच्या एका सरकारी कार्यालयात बाबू म्हणून लागलो. मला त्याचा अभिमान होता आणि आहे. कोणाच्या पाया पडून ती खुर्ची मी मिळवली नव्हती. हप्ताभर सौंसरला खोली करून राहायचो, शनिवारी कचेरी सुटली की पांढुर्ण्याला घरी.

अशाच एका रविवारी सकाळी प्रमिला नळावरून पाणी घेऊन आली, डोक्यावरचा गुंड खाली ठेवला आणि तिथेच बसली. खोकला थांबेना. तोंडातून गुलाबी फेस आला. फुफ्फुसात पाणी भरलं की तो तसा येतो, हे मला मागाहून कळलं. तेव्हा मी नुसता पाहत उभा होतो.

माय म्हणाली, "पाहून काय राहिला? हिले नागपूरले ने."

पुढची गाडी मिळाली, बसलो, नागपूरला उतरलो. यात विचार करण्यासारखं काही आहे, असं आमच्यापैकी कोणालाच वाटलं नाही. आमच्याकडे चष्मा नागपूरचा, लग्नाचं लुगडं नागपूरचं, दाढ काढायची तर नागपूर. छिंदवाडा आमचा जिल्हा आहे, पण तिथे आम्ही कागदासाठी जातो. जिवासाठी नागपूरला जातो.

आणि चूक झाली ती इथेच. सरकारी नोकराने वरिष्ठांच्या परवानगीशिवाय मुख्यालय सोडायचं नसतं. राज्याबाहेर तर नाहीच नाही. आम्ही मध्यप्रदेशचे आणि नागपूर महाराष्ट्रात, हे मला भूगोलात पाठ होतं. पायांना ते ठाऊक नव्हतं.

दवाखान्यात दिवस कसे जातात ते ज्याने काढले त्यालाच माहीत. सकाळी राउंड, मग तपासण्यांसाठी या खिडकीतून त्या खिडकीत. ईसीजी म्हणजे छातीला तारा लावून हृदयाच्या ठोक्यांचा आलेख काढतात, त्यात काही दुखत नाही. मग खडूच्या पाण्यासारखं पांढरं औषध पाजून छातीचा एक्स-रे काढला. हृदयाची वरची खोली फुगून अन्ननळीला किती ढकलते, ते त्यात दिसतं. प्रमिला ते औषध पिऊन म्हणाली, "भिंतीले लावाचा चुना मले पाजून राहिले." एक्स-रेवाला माणूस हसला आणि म्हणाला, "बाई, अजून एक घोट. चुन्याचा वरचा हात बाकी आहे."

लघवीवाटे पाणी काढायच्या गोळ्या सुरू झाल्या, मीठ बंद झालं, धाप कमी झाली. डॉक्टर म्हणाले, "गोळ्यांनी वेळ मिळेल. झडप मात्र ऑपरेशननेच उघडेल. नंबर लावतो. दिवाळीनंतर या. तोवर मूल होऊ देऊ नका, ते ओझं या हृदयाला झेपायचं नाही."

दुसऱ्याच दिवशी मी कचेरीला तार केली होती, बायको गंभीर आहे, रजा द्यावी. तार केली म्हणजे काम झालं, असं समजून मी दवाखान्यात राहिलो. तीनेक आठवड्यांनी प्रमिलाला पांढुर्ण्याला ठेवून सौंसरला हजर झालो, तर टेबलावर कागद वाट पाहत होता. आधी कारणे दाखवा, मग सरळ आरोपपत्र. विनापरवानगी गैरहजर राहिला. विनापरवानगी मुख्यालय आणि राज्य सोडलं. जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी न घेता बाहेरच्या राज्यात उपचार केले. विभागीय चौकशी होणार, आणि ती छिंदवाड्याच्या वरच्या कार्यालयात.

माझी नोकरी तेव्हा परिवीक्षेवर होती, म्हणजे कच्ची. कच्च्या नोकराला घरी पाठवायला सरकारला फार मेहनत लागत नाही. पुढे ऑपरेशन, घरात पगार तेवढा एकच, आणि तोच जायच्या बेतात.

आमचे बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क, धोटेजी. सौंसरचेच, निवृत्तीला आलेले, तोंडात सुपारी आणि खांद्यावर दुपट्टा. माझ्या गैरहजेरीची टिपणी वर पाठवली ती त्यांनीच. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"सोमकुवर, साहेबापाशी जाय. हात जोड, चूक झाली म्हण. निपटून जाईल."

"चूक कोणती झाली, बडेबाबू? बायकोले मरू द्याचं होतं का?"

"नेलं ते चूक नाही. न सांगता नेलं ते चूक."

"तार केली न मी."

"तार नागपूरहून केली न बावा. म्हणजे सरकारले तूच लेखी कळवलं का मी राज्याबाहेर आहो. आता मी फाईल चालवली नाही तर माह्यावर येते."

मी हात जोडले नाहीत. मला वाटलं, चोरी केली असती तर जोडले असते. बडेबाबू म्हणाले, "पढाईची गरमी आहे हे," आणि आपल्या टेबलावर गेले. कार्यालयाच्या बाजूने साक्षीदार म्हणून त्यांचंच नाव लागलं.

चौकशीची पहिली तारीख पुढे ढकलली गेली. दुसरी आली ती नेमकी ऑपरेशनच्या दोन दिवस आधीची. आणखी तारीख मिळणार नाही, हजर न राहिल्यास एकतर्फी निर्णय होईल, असं त्यात लिहिलेलं. इकडे प्रमिला वॉर्डात भरती झालेली, माझं आणि माझ्या साळ्याचं रक्त तपासून ठेवलेलं.

मी मनात तयारी करून ठेवली होती. आदल्या संध्याकाळी प्रमिलाच्या खाटेपाशी बसून तिला सांगितली. साक्षीदाराला प्रश्न विचारायचा हक्क मला आहे. मी बडेबाबूंना एकच विचारणार, मागच्या वर्षी तुमच्या मुलीचं बाळंतपण कुठं झालं? ते झालं होतं नागपूरला. बडेबाबू चार दिवस तिकडे होते, परवानगीचा कागद कुठेच नव्हता. सगळ्या कचेरीने पेढे खाल्ले होते. त्यांच्या टेबलाचं काम त्या दिवसांत मीच सांभाळलं होतं. मग पाहू म्हटलं, कोणाकोणाला काढतात.

प्रमिलाने ऐकून घेतलं. "मग त्याहीची पेन्शन अडकन."

"अडकू दे. माही नोकरी जाऊन राहिली."

"त्याहीच्या पोरीची जचकी तुमी भर कचेरीत काढान? चार साहेबांमंधी?"

"त्याहीनं माही फाईल काढली तेव्हा तू कुठी होती?"

"इथंच होती, याच खाटेवर. तुमची नोकरी गेली तर मी संत्रे तोडाले जाईन, बरी झाली का. पण हे नोका विचारू." एवढं बोलायलाही तिला दोनदा थांबावं लागलं.

"तू आधी बरी हो," मी म्हटलं आणि उठलो. मी ऐकणार नव्हतो. सकाळी मायला तिच्यापाशी बसवून छिंदवाड्याची बस धरली.

चौकशी अधिकारी बाहेरच्या भागातले, वयस्कर, शांत. एक लांब टेबल. एका बाजूला मी, समोर आमच्याच कार्यालयाचे एक साहेब, कार्यालयाची बाजू मांडायला. कामकाज हिंदीत.

"नागपुर किस राज्य में है?" अधिकाऱ्यांनी मला विचारलं.

"महाराष्ट्र में, साहब."

"मालूम था?"

"मालूम था. उस दिन याद नहीं आया."

"जिला अस्पताल भी याद नहीं आया?"

"साहब, पांढुर्णा से रेल सीधी नागपुर जाती है. छिंदवाडा का घाट चढ़ते तक वो नहीं बचती."

त्यांनी ते लिहून घेतलं. चेहऱ्यावरून काही कळेना. मग बडेबाबूंची साक्ष झाली. तारीख, गैरहजेरी, तार, सगळं बरोबर, एक शब्द इकडचा तिकडे नाही. अधिकारी माझ्याकडे वळले. "आपको गवाह से कुछ पूछना है?"

प्रश्न माझ्या जिभेवर होता. बडेबाबूंनी माझ्याकडे पाहिलं. मी काय विचारणार ते त्यांना ठाऊक होतं, हे मला त्या नजरेतच दिसलं. दिवस थंडीचे, आणि त्यांच्या कपाळावर घाम. दुपट्ट्याचं टोक त्यांनी मुठीत धरलं होतं. मी काही थोर माणूस नाही. प्रमिला दोनदा थांबून बोलली ते आठवलं, समोर तो घाम दिसला, आणि माझ्याच्याने झालं नाही.

"कुछ नहीं पूछना, साहब."

अधिकारी बडेबाबूंना म्हणाले, "ठीक है, आप जा सकते हैं." बडेबाबू उठलेच नाहीत, म्हणाले,

"साहब, मेरे को एक बात और लिखानी है."

"आपका बयान हो गया."

"हुआ साहब, पर पूरा नहीं हुआ. हमारे सौंसर का आदमी बीमार पड़ा तो नागपुर जाता है. परमिशन कोई नहीं लेता. मैंने भी नहीं ली. पिछले साल मेरी लड़की की जचकी नागपुर में हुई, मैं चार दिन वहीं था. ये लिख लो."

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. "आप समझ रहे हैं, क्या लिखा रहे हैं?"

"सारी नौकरी लिखने में ही गई, साहब. समझता हूँ."

अधिकारी आमच्या साहेबांकडे वळले. "आपका ये चश्मा कहाँ का है?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "नागपुर का, सर."

अधिकारी हसले नाहीत. पण लिहायला लागले ते बराच वेळ लिहीत राहिले. उठताना मला म्हणाले, "पत्नी का ऑपरेशन कब है?" मी म्हटलं, परवा. "तो यहाँ क्यों खड़े हो? जाओ."

परतीच्या बसमध्ये बडेबाबू माझ्याच बाकावर बसले. ते सौंसरला उतरणार, मी पुढे नागपूरला. घाट उतरल्यावर त्यांनीच विषय काढला.

"तू विचारणार होता न?"

"होतो."

"मग काहून नाही विचारलं?"

"प्रमिलानं नाही म्हटलं होतं."

ते खिडकीबाहेर पाहत राहिले. "तू विचारलं असतं तर मी साफ नाही म्हणणार होतो. परवानगी तोंडी घेतली होती म्हणणार होतो. पक्कं करून आलो होतो. तू विचारलंच नाही, मग मले खरं बोला लागलं."

सौंसरला उतरताना ते म्हणाले, "प्रमिला पोरीले सांग, ऑपरेशनले भेऊ नोको म्हणा."

ऑपरेशनचं नाव क्लोज्ड मायट्रल व्हॉल्व्हॉटॉमी. डाव्या बाजूने छाती उघडतात. हृदय थांबवत नाहीत, ते आपलं चालतच असतं. त्या चालत्या हृदयात सर्जन बोट घालतात, आखडलेली झडप बोटाने चाचपतात आणि एक अवजार घालून ती फाकवतात. त्यांना आतलं डोळ्याने काही दिसत नाही, सगळं बोटाला कळतं. हे मी आधी ऐकलं तेव्हा मला घेरी आली होती. पण ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांनी भिऊ नये. आमच्या वॉर्डात असं ऑपरेशन होऊन हिंडणाऱ्या बायका होत्या. त्यातली एक प्रमिलाला आपला टाका दाखवून म्हणाली होती, "पहा, पोलक्याच्या आत झाकते."

बाहेरच्या बाकावर माय, साळा आणि मी. सुईला भिणारा माझा साळा सकाळी रक्त देऊन आला होता आणि आपण काही भ्यालो नाही, असं ज्याला त्याला सांगत होता. सर्जन बाहेर आले तेव्हा मी उभा राहिलो. ते स्वतःच बोलले. "छान उघडली. माझ्या बोटाला कळलं. आता दोन बोटं जातात."

दोन-तीन दिवसांनी मी वॉर्डात गेलो तर प्रमिला खाटेवर आडवी. उशा एका बाजूला सरकवलेल्या. मी घाईने पुढे झालो. सिस्टरने ओठांवर बोट ठेवलं. "झोपल्यात. उठवू नका." कित्येक महिन्यांत मी तिला अशी सपाट झोपलेली पाहिली नव्हती. मी खाली जमिनीवर बसून राहिलो आणि ती झोप पाहिली.

चौकशीचा निर्णय आला तेव्हा ती घरी हिंडू-फिरू लागली होती. मला परिनिंदा झाली, म्हणजे लेखी ठपका. गैरहजेरीचे दिवस बिनपगारी धरले, परिवीक्षा वर्षभर वाढली. नोकरी राहिली. बडेबाबूंना लेखी ताकीद मिळाली, इतक्या वर्षांच्या नोकरीतली पहिली. ती त्यांनी सही करून घेतली, घडी करून खिशात ठेवली आणि मला म्हणाले, "चहा सांग."

तेव्हापासून आमच्या कचेरीत कोणाच्या घरी आजारपण निघालं की मी आधी म्हणतो, माणसाला घेऊन निघ, थांबू नको. आणि निघता निघता मुख्यालय सोडायच्या परवानगीच्या अर्जावर त्याची सही घेऊन ठेवतो. बाकीचं मी लिहितो. तुम्हीही तेवढं करा. नियमाला पाठ दाखवून मोठेपणा मिळत नाही, आणि नियमापायी घरातलं माणूस घालवण्यातही नाही. प्रमिलाला दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनची सुई घ्यावी लागते, घसा परत धरू नये म्हणून. तुमच्या घरात कोणाला ती लागली तर चुकवू नका. आता प्रमिला माझ्या संग सौंसरलाच राहते, आणि तिथल्या दवाखान्यातली सिस्टर दिवस भरला की निरोप पाठवते. त्या सिस्टरचे, त्या सर्जनचे, त्या चौकशी अधिकाऱ्यांचे उपकार मी मानतो. आधी मी समजत होतो, जे मिळवलं ते माझ्या शिक्षणाने मिळवलं. आता तसं म्हणवत नाही.

बडेबाबू निवृत्त झाले त्यानंतरच्या एका शनिवारी आमच्या खोलीवर आले. उभ्या उभ्याच म्हणाले, "पोरीच्या ऑपरेशनचा मी जामसांवलीच्या मारुतीले नवस बोललो होतो. तुमच्यात नवस नसते, मले माहीत आहे. नवस माहा आहे, फेडतो मी. पोरीले फक्त संग येऊ द्या."

प्रमिलाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मी पण येतो. देवळाबाहेर चपला सांभाळीन."

बसमधून उतरून आम्ही पायी निघालो. ऊन चढलं होतं. पुढे ते दोघं, मागे मी. अर्ध्या वाटेवर बडेबाबूंचा पाय मंदावला. नारळाची पिशवी या हातातून त्या हातात करत ते थांबले आणि छातीवर हात ठेवून श्वास घेऊ लागले. प्रमिलाने त्यांच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि बाभळीच्या सावलीतला दगड दाखवला.

"बसा, बडेबाबू. दम घ्या. आपल्याले काही घाई नाही."

ते बसले. मीही टेकलो. ती पिशवी धरून उभीच होती.